घरपट्टी कुणाची, जीएसटी कुणाचा?
कर लावण्याचा अधिकार कोणत्या सरकारकडे असतो, आणि जाब कुणाला विचारायचा



बैठकीत कराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपण कुठं कर भरतो? कर भरतात नोकरदार नि व्यापारी." प्राप्तिकराचा कागद ज्यांच्या घरात कधी आलाच नाही त्यांना असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या महिन्याचा घरखर्च जरा आठवून बघा. मोबाइलचं रिचार्ज मारलं, विजेचं बिल भरलं, गाडीत पेट्रोल टाकलं, साबण नि डोक्याचं तेल आणलं, ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली. या प्रत्येक ठिकाणी आपण कर दिलेला आहे. फक्त तो एकाच सरकारच्या खिशात गेलेला नाही.

नुसतं रिचार्ज घ्या. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये जवळजवळ ४५ रुपये ६० पैसे कराचे असतात. ज्या बाईची दिवसाची मजुरी ३०० रुपये आहे तीही हे ४५ रुपये देते आणि ज्याचा पगार लाखाचा आहे तोही तेवढेच देतो. त्यामुळे "आम्ही कर भरत नाही" हे वाक्य आजपासून सोडून द्यायचं. आपण कर भरतो. आता तो कुणाला भरतो, कोणत्या अधिकाराने तो घेतला जातो आणि त्याबद्दल बोलायचं तर कुठं, हे या पाठात समजून घेऊ.

आधी आपल्या गटाचा नियम आठवा

आपल्या गटाची बचत किती, हे कोण ठरवतं? गट ठरवतो. ग्रामसंघाची अध्यक्षा उद्या येऊन म्हणाली, "तुमच्या गटाने उद्यापासून प्रत्येकी ५०० रुपये बचत करायची आणि ती माझ्याकडे द्यायची," तर आपण काय विचारू? "ताई, हे कोणत्या नियमात लिहिलंय? ठराव कुठाय?" ग्रामसंघाने काय गोळा करायचं, प्रभागसंघाने काय गोळा करायचं, हे उपविधीत लिहिलेलं असतं. उपविधीत नाही ते मागता येत नाही.

देशाचंही तसंच आहे. देशाची उपविधी म्हणजे राज्यघटना. घटनेच्या कलम २६५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. मग मागणारा दिल्लीचा मंत्री असो, तहसीलदार असो की सरपंच असो. "हा कर कोणत्या कायद्याखाली आहे?" हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.

तीन पातळ्या, तीन पिशव्या

घटनेला जोडलेली सातवी अनुसूची नावाची एक यादी आहे. त्यात केंद्राचे विषय वेगळे, राज्याचे वेगळे असे लिहिलेले आहेत. कोणता कर कुणी लावायचा, हेही त्यातच आहे.

केंद्र सरकारच्या पिशवीत प्राप्तिकर (शेतीचं उत्पन्न सोडून), कंपन्यांच्या नफ्यावरचा कर, परदेशातून येणाऱ्या मालावरचं सीमाशुल्क, आणि पेट्रोल, डिझेल, तंबाखू यांवरचं केंद्रीय उत्पादन शुल्क हे कर येतात.

राज्य सरकारच्या पिशवीत जमीन महसूल म्हणजे आपला शेतसारा, दस्त नोंदवताना लागणारं मुद्रांक शुल्क, गाडीवरचा मोटार वाहन कर, वीज बिलात दिसणारं वीज शुल्क, दारूवरचं राज्य उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा राज्याचा व्हॅट आणि व्यवसाय कर येतो. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा की नाही हा विषयसुद्धा घटनेने राज्याकडे दिला आहे. म्हणून केंद्राचा प्राप्तिकर शेतीच्या उत्पन्नाला लागत नाही.

तिसरी पिशवी ग्रामपंचायतीची. तिच्यात घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडी बाजाराची फी, यात्राकर यांसारखे कर आणि फी येतात.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. केंद्र आणि राज्य यांना कर लावायचा अधिकार थेट घटनेतून मिळतो. ग्रामपंचायतीला तो विधानमंडळाच्या कायद्यातून मिळतो. १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. त्या दुरुस्तीने आलेलं कलम २४३-ह सांगतं की कोणते कर ग्रामपंचायतीने लावायचे, हे राज्याच्या विधानमंडळाने कायदा करून ठरवावं. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याच्या कलम १२४ मध्ये करांची यादी आहे. त्या यादीत नाही तो कर कोणत्याही ग्रामपंचायतीला लावता येत नाही.

उदाहरणार्थ, गावाच्या यात्रेची किंवा मंदिराची वर्गणी. ती राजीखुशीने द्यायची असते. गावाने बसून ठरवली तरी ती वर्गणीच राहते, तिचा कर होत नाही. वर्गणी दिली नाही म्हणून कुणाचा दाखला अडवणं हे कोणत्याच कायद्यात बसत नाही.

जीएसटी: दोन सरकारांची एकत्र पिशवी

१ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी सुरू झाला. त्यासाठी १०१ वी घटनादुरुस्ती करावी लागली, कारण तोवर एकाच वस्तूवर केंद्र आणि राज्य दोघांनाही असा कर लावायचा अधिकार नव्हता. आता राज्यातल्या राज्यात विक्री झाली की निम्मा कर केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. दुकानाच्या पक्क्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात, त्या याच. पुढच्या वेळी बिल हातात आलं की शोधून बघा.

जीएसटीचे दर ठरवण्याचं काम जीएसटी परिषद करते. तिच्या अध्यक्ष केंद्रीय अर्थमंत्री असतात आणि सर्व राज्यांचे मंत्री तिचे सदस्य असतात. मतांचं वजन असं की एक तृतीयांश केंद्राचं आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्राला एकट्याला दर बदलता येत नाही आणि राज्यांनाही केंद्राला वगळून बदलता येत नाही. म्हणून जीएसटीबद्दल काही मागायचं असेल तर खासदारांना जितकं सांगायचं तितकंच आमदारांनाही सांगायचं.

कराचा दर म्हणजे काही ब्रह्मदेवाने लिहिलेली रेघ नाही. जीएसटी सुरू झाला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. बांगड्या आणि कुंकू करमुक्त, आणि दर महिन्याला लागणाऱ्या पॅडवर कर, हे कसं, असं देशभरातल्या बायकांनी विचारलं. सह्या गोळा झाल्या, पत्रं गेली, न्यायालयांत अर्ज झाले. जुलै २०१८ मध्ये परिषदेने पॅडवरचा कर पूर्ण काढून टाकला. प्रश्न योग्य ठिकाणी आणि सगळ्यांनी मिळून विचारला म्हणून हे वर्षभरात झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही याच परिषदेत ठरला. दुकानदाराने जुन्याच छापील किमतीत माल दिला तर आता त्याला विचारायला आपल्याकडे आधार आहे.

गटाचा उद्योग आणि जीएसटी

मसाले, पापड, शेवया, पिशव्या असा उद्योग करणाऱ्या गटांकडून दोन प्रश्न नेहमी येतात.

पहिला, "आम्हाला जीएसटी नोंदणी लागते का?" आपल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. सेवा असेल, उदाहरणार्थ खाणावळ किंवा जेवणाची ऑर्डर, तर ही मर्यादा २० लाख आहे. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. नफा नव्हे. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल किंवा ऑनलाइन विक्री करायची असेल तर नियम वेगळे लागतात, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारूनच पुढे जा.

दुसरा, "आम्ही बिलात जीएसटी लावला तर चालेल का? त्याने बिल पक्कं दिसतं." अजिबात नाही. ज्यांची नोंदणी नाही त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. हेही कलम २६५ चंच तत्त्व आहे. अधिकार नसताना घेतलेला कर म्हणजे बेकायदा वसुली, मग ती गटाने केली तरी. आपण साधं बिल द्यायचं. आणि कच्चा माल, पॅकिंगच्या पिशव्या घेताना आपण जो जीएसटी भरतो तो नोंदणी नसेल तर परत मिळत नाही. तो आपला खर्च झाला. म्हणून मसाल्याच्या पाकिटाची किंमत काढताना तो धरायला विसरू नका. पापडावर मुळात जीएसटीच नाही, हेही माहीत असू द्या.

एका कराची गोष्ट: शहराच्या पगारातून गावाला काम

राज्याच्या कराने काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. आपल्या आज्ज्यांना विचारा, त्या सांगतील. मागेल त्याला काम द्यायचं अशी रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि राज्याने ती उचलली. पण काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? राज्याने आपला हक्काचा अधिकार वापरला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार आणि व्यावसायिकांकडून तो कर घ्यायचा आणि रोजगार हमीला वापरायचा. मुंबई-पुण्यातल्या पगारातून कापलेला पैसा गावच्या बांधावर मजुरी म्हणून पोचला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी अनेक वर्षं आपल्या राज्यात तो होता.

या कराला घटनेने एक वेसणही घातली आहे. कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. म्हणूनच पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. ११ महिन्यांचे २,२०० आणि ३०० मिळून बरोबर २,५००. तुमची लेक किंवा सून नोकरी करत असेल तर तिला सांगा: १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात हा कर माफ आहे. चिठ्ठीत कापलेला दिसला तर तिने कार्यालयात विचारावं.

राज्याची अशी दुसरी सवलत मुद्रांक शुल्काची. १ एप्रिल २०२१ पासून घर महिलेच्या नावे विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. १० लाखांच्या घराला १०,००० रुपये वाचतात, वर घर बाईच्या नावावर होतं.

वरचा पैसा खाली कसा येतो

मोठी पिशवी केंद्राकडे, पण शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी ही रोजची कामं राज्य आणि गावाकडे. ही ओढाताण आजची नाही. इंग्रजांच्या काळात दिल्लीचं सरकार आणि प्रांतांची सरकारं यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संशोधन केलं होतं आणि त्याचं पुस्तक १९२५ साली निघालं. स्वतंत्र भारताच्या घटनेत या वाटणीसाठी वित्त आयोगाची तरतूद केली गेली. तो दर पाच वर्षांनी नेमला जातो. पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून द्यायला सांगितले. यातली मेख अशी की केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं ते या वाटणीत येत नाहीत, ते पूर्ण केंद्राकडेच राहतात. म्हणून राज्यं त्याबद्दल कायम कुरकुर करत असतात.

याच आयोगाचा निधी ग्रामपंचायतीलाही येतो. गावात "पंधराव्यातून काम मंजूर झालं" असं म्हणतात ते हेच. त्यातला काही निधी बंधित असतो, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारावर नाही. ग्रामपंचायत हद्दीत जमिनीचे व्यवहार होतात तेव्हा मुद्रांक शुल्कासोबत जो १ टक्का जास्त घेतला जातो, त्याचाही वाटा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींना मिळतो.

पण हे सगळं वरून येणारं. कधी येईल, किती येईल, कशावर खर्चायचं, हे बरंचसं वरच ठरतं. गावाच्या हातात पूर्णपणे असतो तो गावाने स्वतः गोळा केलेला पैसा. आणि आपल्यासाठी खरी गोष्ट इथेच आहे.

घरपट्टीतला आपला दहावा हिस्सा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असा महाराष्ट्रात नियम आहे. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः आपली घरपट्टी आणि इतर कर.

हिशोब करून बघू. समजा गावात ५०० घरं आहेत आणि घरामागे सरासरी ८०० रुपये घरपट्टी आहे. वर्षाची मागणी झाली ४ लाख. सगळी वसूल झाली तर महिला-बालकल्याणाचे होतात ४०,००० रुपये. निम्मीच वसूल झाली तर २०,०००. म्हणजे गावातल्या बड्या लोकांनी घरपट्टी थकवली की त्यात अंगणवाडीचा, मुलींच्या शौचालयाचा, महिलांच्या प्रशिक्षणाचा पैसाही बुडतो. "त्यांच्या थकबाकीशी आपल्याला काय करायचंय" असं म्हणू नका. त्यात आपला दहावा हिस्सा आहे.

घरपट्टी ठरते कशी, हेही बघून घ्या. पूर्वी फक्त क्षेत्रफळावर ठरायची. डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर ठरते. जमिनीचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर, यांवरून घराचं मूल्य काढतात आणि दर हजार रुपयांमागे ठरलेला दर लावतात. समजा घराचं मूल्य ३ लाख आणि दर हजारी १ रुपया, तर घरपट्टी ३०० रुपये. दर किती ठेवायचा याची खालची आणि वरची मर्यादा राज्य सरकारच्या नियमांत असते. त्या मर्यादेत ग्रामपंचायत ठराव करते. जाहीर नोटीस लावून हरकती मागवते. ती नोटीस वाचायला आपण जातो का, हा प्रश्न आहे.

आकारणी चुकीची वाटली, मातीच्या घराला पक्क्याचा दर लागला, पडलेल्या खोलीची पट्टी चालूच आहे, तर आधी ग्रामपंचायतीत लेखी हरकत द्या. तिथे ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. मुदत मात्र चुकवू नका. नोटीस मिळाल्याबरोबर हालचाल करा.

तीन कागद ओळखून ठेवा

नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर कुणाच्या नावे, केवढं, कसलं बांधकाम, किती कर, हे त्यात असतं. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी असे शासनाचे आदेश आहेत. तुमच्या घराच्या नमुना ८ वर तुमचं नाव आहे का, हे या महिन्यात बघून या. मात्र हेही समजून घ्या की नमुना ८ हा कर कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. त्यावर नाव लागणं चांगलंच, पण जमिनीच्या मालकीचा तो पूर्ण पुरावा नव्हे. त्यासाठी दस्त, वारसनोंद, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा लागतो.

नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही. या वर्षी किती मागणी, मागची बाकी किती, वसूल किती, हे त्यात दिसतं.

नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती. पैसे दिले की ही पावती घ्यायचीच. शिपाई घरी आला, ओळखीचा आहे, "पावती उद्या देतो" म्हणाला, तर पैसेही उद्याच द्यायचे. आठवडी बाजारात आपण भाजी घेऊन बसतो तेव्हाही हाच नियम. बाजार फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, ती वसुलीचा ठेकाही देऊ शकते, पण दर ठरलेला असतो आणि पावती द्यावी लागते. ठरलेले २० असताना कुणी ३० मागितले तर ते वरचे १० हा कर नव्हे.

थकबाकीचा फटका उमेदवारीला

घरपट्टी वेळेवर भरण्याचं आणखी एक कारण आहे. आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि गटातल्या कितीतरी जणी सदस्य, सरपंच झाल्या आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर माणूस सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. एकत्र कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाची थकबाकी असली तरी ती अंगावर येऊ शकते. घर सासऱ्यांच्या नावे, पट्टी दिराने थकवलेली, आणि सदस्यपद मात्र सुनेचं जातं. विरोधक नेमका हाच कागद शोधत असतात. निवडणूक लढवायचा विचार असेल तर आधी घरातली बाकी भरा, पावत्या एका पिशवीत ठेवा आणि थकबाकी नसल्याचा दाखला काढून घ्या.

कोणत्या कामासाठी कुठं जायचं

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी: ग्रामपंचायत, मग पंचायत समिती.
शेतसारा: तलाठी कार्यालय (आता ग्राम महसूल अधिकारी), मग तहसील.
मुद्रांक शुल्क: दुय्यम निबंधक कार्यालय.
वीज बिलातलं शुल्क, गाडीचा कर, व्यवसाय कर यांचे दर: राज्य सरकार, म्हणजे आपले आमदार.
प्राप्तिकराचे दर: केंद्र सरकार, म्हणजे आपले खासदार.
जीएसटीचे दर: परिषद, म्हणून आमदार आणि खासदार दोघेही.
पेट्रोल-डिझेल: केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही असतात. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दोघांनाही विचारा.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने तीन कागद आणायचे: घरपट्टीची शेवटची पावती, विजेचं बिल आणि दुकानातलं कोणतंही एक पक्कं बिल. त्यातल्या कराच्या ओळी शोधा आणि त्यापुढे पेन्सिलीने लिहा: केंद्र, राज्य की गाव. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचता येणारी बसवा. मग या प्रश्नांवर बोला:

१. आपल्या नमुना ८ वर किती जणींची नावं आहेत? उरलेल्यांची लावण्यासाठी अर्ज कधी द्यायचा?
२. गेल्या वर्षभरात पावती न घेता कुणी कुणाला पैसे दिले का?
३. गटाच्या मालाची किंमत काढताना कच्च्या मालावरचा जीएसटी धरला होता का?

आणि चार प्रश्न महिला ग्रामसभेसाठी. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कागदावर होऊ देऊ नका. तिथे उभं राहून विचारा: या वर्षी घरपट्टीची मागणी किती होती? वसूल किती झाली? त्याचे १० टक्के किती होतात? ते कशावर खर्च झाले? उत्तरं तोंडी नकोत. ठराव आणि खर्चाची नोंद दाखवा म्हणायचं, आणि आपला प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचा.

एकटीने विचारायला संकोच वाटतो, म्हणून गटाच्या दहाजणी बरोबर जा. पहिल्या वेळी कदाचित "पुढच्या सभेत सांगतो" असं उत्तर मिळेल. पुढच्या सभेलाही जा आणि तेच चार प्रश्न परत विचारा.